लाल डबा, काळा डबा

माझं लग्न व्हिडिओ गेमच्या डब्यावरून मोडता मोडता राहिलं, हे सांगितलं की माझी नातवंडं हसतात. त्यांना वाटतं आजी रचून सांगते. मला रचून सांगता येत नाही. घडलं तसं सांगते.

आम्ही भिवंडीत कारखान्याच्या मागच्या चाळीत राहायचो. दोन खोल्या, पुढे अरुंद ओटा, आणि मधली भिंत सोडली तर पलीकडे शेठचे लूम, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग. भिंत नावाला. लूम चालू असले की फळीवरचे स्टीलचे डबे हळूहळू पुढे सरकायचे. दिवसभरात डाळीचा डबा कडेला यायचा, आणि आये संध्याकाळी तळहाताने सगळे डबे परत मागे ढकलायची. हे तिचं रोजचं काम, जसं दुसऱ्या घरात कुणी दिवा लावतं तसं. बाबा त्याच कारखान्यात कारीगर, म्हणजे लूम चालवणारे. मी चौथीनंतर शाळा सोडली आणि मोठी झाल्यावर तिथेच कांड्या भरायला, म्हणजे रिकाम्या कांड्यांवर सूत गुंडाळायला जाऊ लागले. त्या आवाजात बोलणं म्हणजे ओरडणं. घरी आल्यावरही आम्ही ओरडूनच बोलायचो, मीठ मागायचं असलं तरी. दुसरी सवय म्हणजे ओठ वाचायचे. लूमवाल्याच्या घरात कुजबुजून काही उपयोग नसतो. समोरचा ओठ बघून सगळं ओळखतो. काही लपवून बोलायचं असेल तर भिंतीकडे तोंड करून बोलायचं. आमच्याकडे दोन बाया भिंतीकडे तोंड करून उभ्या दिसल्या की समजायचं, कुणाची तरी चुगली चाललीय.

शुक्रवारी लूम बंद. गुरुवारची रात्रपाळी शेवटचं कापड कापून, लूम पुसून शुक्रवारी सकाळी आठच्या सुमाराला सुटायची. एकेक कारखाना बंद होत जायचा आणि गावावरून कुणीतरी घोंगडं ओढून घ्यावं तसं व्हायचं. नवीन माणसाला ती शांतता बरी वाटते. आमचे कान दुखायचे. आणि शुक्रवारचं अजून एक होतं. आठवडाभर सगळी वीज लूम खायचे, म्हणून घरात दिवा पिवळा, पंखा मेल्यासारखा, टीव्हीतलं चित्र दोन्ही बाजूंनी आकसलेलं. त्यासाठी टीव्हीखाली बूस्टर नावाचा लोखंडी डबा असायचा. त्याचा खटका शेवटपर्यंत फिरवला की चित्र पूर्ण व्हायचं. पण शुक्रवारी लूम बंद झाले की तीच वीज घरांवर तुटून पडायची. बल्ब पांढरेफटक व्हायचे आणि फुटायचे. म्हणून लूमचा आवाज थांबला की आये हातातलं काम टाकून पहिली टीव्हीकडे जायची आणि बूस्टर खाली करायची. घरात दुसऱ्या कुणी त्या खटक्याला हात लावायचा नाही.

लाल डबा बाबांनी माझ्या धाकट्या भावासाठी, विनोदसाठी आणला. बाजारपेठेतल्या दुकानातून, खोक्यासकट. टीव्हीला जोडायचा, वर कॅसेट खोचायची, आणि वायरचे दोन रिमोट हातात घेऊन खेळायचं. एक माणूस उड्या मारत जायचा, खड्ड्यात पडायचा, मरायचा, परत उभा राहायचा. विनोदला पहिल्या आठवड्यातच कंटाळा आला. त्याला पतंग बरे वाटायचे. डबा लागला तो बाबांना. दिवसपाळी करून आले की हातपाय धुवायचे, चहात पाव बुडवून खायचे आणि मांडी घालून टीव्हीसमोर बसायचे. ज्या माणसाच्या बोटांनी आयुष्यभर तुटलेला धागा क्षणात जोडला, त्याला ती बटणं म्हणजे काहीच नव्हतं. खड्डा आला की स्वतः पण मांडीवर उसळायचे. आये म्हणायची, "अहो, तुम्ही कशाला उडताय? तो उडतोय ना तिकडं."

बाबांचे जिवलग दोस्त काशिनाथमामा. माझे सख्खे मामा नव्हेत. आये आणि ते खारबावचे, एका गावचे, म्हणून मामा. ते राहनाळला गोदामात मुकादम होते आणि आमच्या पुढच्या गल्लीत राहायचे. पंधरा दिवस रोज आमच्याकडे येऊन लाल डब्यावर खेळले. नंतर एकदम यायचे बंद झाले. बाबांना वाटलं आजारी पडले, म्हणून बघायला गेले, तर मामा टीव्हीसमोर. डबा काळा. दुसऱ्या दुकानातला, दुसऱ्या कंपनीचा.

"लाल बघितला, ठीक हाय," मामा म्हणाले, "पण माल म्हणशील तर हा. खरा जपानी."

बाबा घरी आले ते तणतणत. "मला सांगतो खरा जपानी! माझ्या खोक्यावर काय भिवंडी लिवलंय?"

तिथून सुरू झालं. आता नातवंडं निळ्या कंपनीचा आणि हिरव्या कंपनीचा खेळ म्हणून एकमेकांशी भांडतात, फोनवर न बघितलेल्या माणसांना शिव्या घालतात, तेव्हा मला नवल वाटत नाही. आमच्या दोन गल्ल्यांत तेच झालं होतं, फक्त शिव्या तोंडावर घालायचे. आमची गल्ली लालवाली, मामांची काळीवाली. आमची पोरं म्हणायची काळ्याचा आवाज मच्छरासारखा. त्यांची म्हणायची लाल तापतो. ते खरंच होतं, लाल डबा तापायचा आणि बाबा त्याला पुठ्ठ्याने वारा घालायचे. त्यावर त्यांनी गाणं केलं, "लाल डबा, पंख्याखाली उभा!" मी कांड्या भरून येताना ती पोरं मलाही ऐकवायची. मी एकाचा कान पिरगळला, तर त्याची आई भांडायला आली नाही, उलट म्हणाली, "विमल, दुसरा पण पिरगळ, घरी पण हेच गातो."

कॅसेटींची देवाणघेवाण बंद झाली. म्हणजे सुरूच कधी झाली नाही. लालची कॅसेट काळ्यात बसते का, हे एकानेही कधी खोचून बघितलं नाही. दोन्ही खोक्यांतून कंपनीचा एक कागद निघाला होता, त्यावर ठळक लिहिलं होतं की नकली मालापासून सावध राहा. बाबांनी तो कागद भिंतीला चिकटवला. मामांनी पण चिकटवला. दोघांचाही विश्वास, की कागदात लिहिलेला नकली माल म्हणजे समोरचा.

आता अशोक. मामांचा थोरला. लूमच्या विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करायच्या दुकानात कामाला होता, हाताला कायम वार्निशचा वास. त्याला दोन्ही डब्यांत रस नव्हता. तो मला आवडायचा, आणि का ते सांगते. तो ओरडायचा नाही. समोर उभा राहायचा, तोंडाकडे बघायचा आणि फक्त ओठ हलवून बोलायचा, आवाज न काढता. कांड्यांच्या खात्यात तो मोटार बघायला यायचा तेव्हा त्या सगळ्या खडखडाटात मला म्हणायचा, "जेवलीस का?" आणि मी ओठांनीच म्हणायचे, "तुला काय करायचंय?" असं वर्षभर चाललं. दोन्ही घरांना माहीत होतं, कारण सगळ्यांनाच ओठ वाचता यायचे. शेवटी बोलणी ठरली.

मामा, मामी आणि अशोक आमच्या घरी आले. आयेनं सुकट घातलेली वांगी आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या, वर चहा. देणंघेणं काही नव्हतं, दोन्ही घरं सारखीच. येत्या रविवारी साखरपुडा, असं ठरलं. मामी माझ्या हातावर साखर ठेवत होत्या. एवढ्यात मामांनी टीव्हीखालच्या लाल डब्याकडे बघितलं आणि हसून म्हणाले, "पोरगी आमच्याकडं आली की काळ्यावर बसवतो. दोन दिसात लाल विसरंल."

बाबांनी कप खाली ठेवला. "काय विसरंल?"

"लाल."

"माझ्या घरातलं माझ्या पोरीनं विसरायचं? हे शिकवणार तू तिला?"

"अरे, चेष्टा केली रामचंद्र."

"चेष्टा न्हाय ती. पंधरा दिवस माझ्या घरात बसून खेळलास, माझा चहा प्यालास, आणि माल काळा?"

"मग? काळा हायच चांगला. खोटं बोलू?"

मी साखर मुठीत धरून उभी. मामी म्हणाल्या, "अहो, पोरांसमोर." आये म्हणाली, "भाकरी वाढू का कुणाला?" कुणी ऐकलं नाही. बोलता बोलता बाबा म्हणाले की काळा डबा लालपेक्षा चांगला ठरला, तर रविवारी ते पाट मांडणार नाहीत. मामा म्हणाले, लाल चांगला ठरला तर मी तुझ्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही. दोघांनी शब्द दिला, आणि दोघंही शब्दाचे पक्के म्हणून गावात नाव असलेले. मूर्ख माणसाचं शब्दाचं पक्कं असणं फार वाईट. मी तिथे उभी राहून हिशेब केला. लाल जिंकला तर मामा येणार नाहीत. काळा जिंकला तर बाबा पाट मांडणार नाहीत. म्हणजे कुणीही जिंकलं तरी माझं लग्न मोडणार. अशोकने माझ्याकडे बघितलं आणि ओठ हलवले, "दोघं येडे हायत." बाबांनी ते वाचलं आणि अजून भडकले.

चांगला कुठला, हे ठरवायचं कसं? त्यावर कारखान्यातले जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारे कारागीर, ज्यांना आम्ही चाचा म्हणायचो, त्यांना बोलावलं. चाचांना डब्यांतलं काही कळत नव्हतं, पण दोन्ही बाजूंचा त्यांच्यावर भरवसा. त्यांनी दाढी खाजवली आणि म्हणाले, "इसमें क्या है? लूम को कैसे परखते हैं? दोनों को पूरी शिफ्ट चलाओ. जो पहले बैठ गया वो खराब."

सगळ्यांना पटलं. आज वाटतं, दुसऱ्या कुठल्या गावात खेळण्याची परीक्षा अशी घेतली नसती. कुणी चित्र बघितलं असतं, कुणी खेळ मोजले असते. आम्हाला यंत्र म्हटलं की एकच माहीत, बारा तास ओढतं की नाही. शुक्रवार ठरला, सुट्टी म्हणून. सकाळी सात ते संध्याकाळी सात, दिवसपाळी. आमच्या घरी. मामांनी टीव्हीसकट काळा डबा खांद्यावर आणायचा. दोन्ही टीव्ही एकाच बूस्टरवर, म्हणजे विजेचं कारण कुणी सांगायला नको. पोरांनी आळीपाळीने खेळायचं, त्यालाही ड्युटी म्हणायचे. डबा मध्ये बंद करायचा नाही. चित्र अडकलं की हरला.

शुक्रवारी सहालाच ओटा भरला. आत लालवाले एका बाजूला, काळेवाले दुसऱ्या बाजूला, मध्ये चाचा खुर्चीवर, गळ्यात शिट्टी. बाबांनी दाढी केली होती. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले, आणि उंबऱ्यात पाय ठेवताना म्हणाले, "आज ठेवतो. उद्याचं उद्या." पलीकडे रात्रपाळी अजून चालू होती, त्यामुळे चित्रं आकसलेली. बाबांनी बूस्टर शेवटपर्यंत फिरवला. आयेकडे बघून म्हणाले, "आज याला हात लावू नको. चाचा हायत." चाचांनी शिट्टी फुंकली.

मी आणि आये चुलीपाशी. एवढी माणसं आली तर भाकऱ्या लागणार. आये थापत होती, मी बोंबील भाजत होते आणि मनात म्हणत होते, दोन्ही अडकू देत, एकदम अडकू देत. असं कसं होणार, हेही कळत होतं. आत आरडाओरडा. "ए, खड्डा! खड्डा!" "मेला! लालवाला मेला!" "माणूस मेला, डबा न्हाय मेला, गप बस!" बाबा लाल डब्याला पुठ्ठ्याने वारा घालत होते. काळेवाली पोरं गाणं म्हणायला लागली तर चाचांनी शिट्टी वाजवून गप्प केलं.

आणि मग पलीकडचे लूम बंद व्हायला लागले. आधी आमच्या भिंतीमागचे, मग पुढच्या कारखान्याचे, मग लांबचे. खोलीत एकदम दोन्ही खेळांचं गाणं मोठ्याने ऐकू आलं. सगळे खूष झाले. मामा म्हणाले, "आता कळंल कुणाचा आवाज मच्छराचा." मी वर बघितलं. बल्ब पिवळ्याचा पांढरा झाला होता. मी आयेकडे बघितलं. आयेनं बल्बाकडे बघितलं. मग माणसांच्या पायांमधून दिसणाऱ्या बूस्टरकडे बघितलं. इतकी वर्षं लूम थांबले की ती उठायची. गुडघ्यावर हात ठेवून ती उठायला लागली, मी बघितलं. मग परत बसली आणि तिने भाकरी उलटली.

मी "बाबा, बूस्टर!" म्हणून ओरडले. इतक्या गोंधळात कुणाला ऐकू जाणार? बल्ब फुटला. दोन्ही टीव्ही एकदम काळे झाले, आणि लाल डब्यातून आणि काळ्या डब्यातून सारखाच धूर निघाला, बारीक, जळक्या रबराच्या वासाचा. चाचांनी शिट्टी तोंडात धरली होती, ती वाजवायची की नाही ते त्यांना कळेना. बारा तासांची शिफ्ट, एक तासातच संपली.

मग बाबा म्हणाले, "आधी कोण बसला?"

चाचा म्हणाले, "दोनों साथ में, भाई. मेरी कसम."

टीव्हीचे फ्यूज गेले होते, ते बदलता आले. डबे मात्र गेले. अशोकने दोन्ही उचलले आणि मागच्या मोरीजवळ नेऊन बसला. मी त्याला चहा द्यायला गेले. त्याने वर्तमानपत्र पसरून दोन्ही डबे उघडले होते. मला म्हणाला, "बघ." मला त्यातलं काय कळतंय? पण डोळे होते. दोन हिरव्या पाट्या, सारख्याच. वर बसवलेले तुकडे त्याच जागी, तसेच. खाली बारीक अक्षरांत तोच नंबर. एकाच कारखान्यातून दोन पाट्या निघाल्या होत्या. एका कंपनीने लाल टरफल चढवलं, दुसरीने काळं. नकली मालापासून सावध राहा.

आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो.

"सांगायचं का?" तो म्हणाला.

मी विचार केला. चिडलेला माणूस रविवारपर्यंत निवळतो. पण हे कळलं तर दोघं चिडणार नाहीत, दोघांना लाज वाटेल. एवढ्या माणसांसमोर. लाजलेली माणसं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, वर्षानुवर्षं. "न्हाय सांगायचं," मी म्हटलं.

आमचं लग्न तिथे ठरलं, मोरीपाशी. साखरपुडा नंतर झाला.

अशोकने दोन्हींतले चांगले तुकडे काढून एक डबा उभा केला. काळं बूड फुटलं नव्हतं, लाल झाकण वितळलं नव्हतं, म्हणून खाली काळं, वर लाल. माझ्या बाबांना तोही मामाच म्हणायचा. शनिवारी तो त्यांना म्हणाला, "मामा, आतलं सगळं तुमचं चाललं. आमचं फक्त बूड वापरलंय." बाबांनी मिशीवरून हात फिरवला. "मला ठाऊक होतं. काशिनाथला सांगू नको, वाईट वाटंल त्याला." घरी जाऊन आपल्या बापाला म्हणाला, "दादा, आतलं आपलंच हाय. त्यांचं नुसतं झाकण." मामा म्हणाले, "रामचंद्राला बोलू नको. पोरीचा बाप हाय."

रविवारी बाबांनी पाट मांडला. मामांनी उंबऱ्यात पाय ठेवला. दोघं एकमेकांशी इतकं गोड बोलत होते की मामींना शंका आली. दोघांच्याही मनात एकच, बिचारा हरलाय, सांभाळून घ्यावं.

खरं कुणाचं आतलं होतं? मी अशोकला पुढे विचारलं. तो म्हणाला, "सगळे तुकडे एकाच पेपरवर ठेवले होते. मलाच कळलं न्हाय."

तो डबा माझ्याबरोबर सासरी आला. बाबा आणि मामा दोघं त्यावर शेजारी बसून कितीतरी वर्षं खेळले. बाबा म्हणायचे, वर काय हाय ते बघा. मामा म्हणायचे, घर पायावर उभं असतं. आता दोघंही नाहीत. अशोक ठार बहिरा झालाय, कानाचं मशीन लावत नाही. मी ओठ हलवून बोलते, त्याला पुरतं. डबा कपाटात आहे. मी तो कडेवर उभा ठेवलाय, वर-खाली काही राहू नये म्हणून.

आये सगळ्यांत जास्त जगली. शेवटी शेवटी माझ्याकडेच होती. कारखाना केव्हाच बंद पडला होता, फळीवरचे डबे आता जागचे हलत नव्हते, तरी ती संध्याकाळी उठून ते तळहाताने मागे ढकलायची. एकदा ती असं करत असताना मी विचारलं, "आये, त्या शुक्रवारी तू उठली होतीस. मग बसलीस का?"

तिने डाळीचा डबा नीट भिंतीला टेकवला.

"तव्यावर भाकरी होती," ती म्हणाली. "करपली असती."